जंतूची वंशावळ आणि औषधाची नोंदवही

मेथी हे द्रव्य आपणा वैद्यांना नवे नाही. भावप्रकाशाने मेथिकेला वातशामक, कफघ्न आणि ज्वरनाशक म्हटले आहे. बाळंतिणीच्या लाडवापासून प्रमेहाच्या चूर्णापर्यंत तिचा उपयोग आपण नित्य करतो. काष्ठौषधींच्या दुकानातून पोत्याने आणतो, निवडतो, दळतो, चाळतो आणि बरणीत भरतो. अशा या सालस दाण्याच्या एका खेपेचे नाव २०११ साली जर्मनीतील ५३ मृत्यूंशी जोडले गेले, असे सांगितले तर क्षणभर विश्वास बसणार नाही. दोष मेथीचा नव्हता, तिच्यासोबत प्रवास करणाऱ्या एका जिवाणूचा होता. त्या जिवाणूचा माग कसा लागला, त्यात जनुकसंच वाचण्याच्या नव्या विद्येचा वाटा किती आणि साध्या हिशेबाच्या वहीचा वाटा किती, हे चिकित्सक आणि फार्मसीचालक या दोघांनीही समजून घेण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

हॅम्बुर्गमधील तीन बालके

१९ मे २०११ रोजी हॅम्बुर्ग शहराच्या आरोग्य खात्याने जर्मनीच्या रॉबर्ट कोख संस्थेला एक असाधारण बातमी कळविली. रक्तातिसारानंतर रक्तकणांचा नाश आणि मूत्रपिंडांचा घात होणारा ‘हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम’ हा विकार तीन बालकांना एकाच वेळी झाला होता. दुसऱ्याच दिवशी संस्थेचे पथक हॅम्बुर्गला पोहोचले. पाहतात तो प्रौढ रुग्णांचीही रीघ लागलेली. एरवी हा विकार प्रामुख्याने लहान मुलांत दिसतो. या साथीत मात्र बहुसंख्य रुग्ण प्रौढ होते आणि त्यांतही स्त्रिया अधिक होत्या.

जुलैअखेर साथ संपल्याचे जाहीर झाले, तेव्हा नोंदलेल्या रुग्णांची संख्या ३८४२ झाली होती. त्यांपैकी ८५५ जणांना मूत्रपिंडांचा तो गंभीर विकार जडला आणि ५३ जण दगावले. कारण ठरला ‘ई. कोलाय’ या आपल्या आतड्यातील परिचित जिवाणूचा एक दुर्मीळ प्रकार, ‘ओ१०४:एच४’.

काकडीवरचा आळ

रोगी बरा करणे हे एक काम आणि साथीचे मूळ तोडणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी रुग्णांनी काय खाल्ले हे कळायला हवे होते. येथेच अडचण होती. जिवाणू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे आठ दिवस जात होते. आठ दिवसांपूर्वीच्या जेवणात कोशिंबिरीवर काय भुरभुरले होते, हे कोणाला आठवणार? रुग्णांच्या सांगण्यावरून कच्चे टोमॅटो, काकडी आणि पालेभाज्या यांच्यावर संशय गेला आणि २५ मे रोजी त्या न खाण्याचा सल्ला देण्यात आला.

२६ मे रोजी हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनहून आलेल्या काकड्यांवर घातक जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. युरोपभर काकडीची मागणी कोसळली आणि शेतकऱ्यांना तयार माल फेकून द्यावा लागला. पाचच दिवसांनी, ३१ मे रोजी, प्रयोगशाळेचा निर्वाळा आला. काकडीवर सापडलेला जिवाणू रोगकारक जातीचा होता खरा, परंतु रुग्णांच्या शरीरात सापडलेला तो नव्हेच. काकडी निर्दोष ठरली. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. युरोपीय संघाला भाजीपाला उत्पादकांसाठी २१ कोटी युरोंची मदत मंजूर करावी लागली.

या प्रसंगातून घ्यायचा बोध असा की, एखाद्या पदार्थात जंतू सापडला एवढ्यावरून तो पदार्थ साथीचा कर्ता ठरत नाही. पदार्थातील जंतू आणि रुग्णातील जंतू एकाच कुळातील आहेत हे सिद्ध व्हावे लागते. कुळ ओळखण्याची विद्या जितकी सूक्ष्म, तितका न्याय अचूक.

पाठभेदांवरून कुळाचा शोध

ही सूक्ष्म विद्या म्हणजे जनुकसंचाचे क्रमवाचन, ज्याला ‘जीनोम सिक्वेन्सिंग’ म्हणतात. प्रत्येक जिवाणूच्या पेशीत डीएनएचा एक दीर्घ धागा असतो. चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत त्या जिवाणूचे सारे गुणधर्म त्यावर लिहिलेले असतात. ई. कोलायचा हा ग्रंथ सुमारे पन्नास लाख अक्षरांचा आहे. जिवाणू दुभंगताना या ग्रंथाची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक मग पुढच्या सर्व पिढ्यांत उतरते.

आपल्या संहितांच्या हस्तलिखितांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. एका नकलनवीसाचा लेखनप्रमाद त्याच्या पोथीवरून उतरविलेल्या सर्व पोथ्यांत येतो आणि पाठभेद ताडून कोणती पोथी कोणत्या कुळातली हे पंडित ठरवितात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली ती याच मार्गाने. जिवाणूंचे अभ्यासकही तेच करतात. दोन रुग्णांतील जिवाणूंच्या ग्रंथात दोन-चारच अक्षरांचा फरक असेल, तर त्यांचा पूर्वज अगदी अलीकडचा, म्हणजे दोघांनाही रोग एकाच उगमातून झाल्याचा संभव मोठा. फरक शेकडो अक्षरांचा असेल, तर एकाच गावात एकाच आठवड्यात आजारी पडूनही त्या दोघांचा परस्परांशी संबंध नाही असे समजावे.

पूर्वीच्या पद्धतीत डीएनएचे ठरावीक ठिकाणी तुकडे करून त्यांच्या पट्ट्यांचा नमुना पाहत असत. ते पोथीची पाने मोजून कुळ ठरविण्यासारखे होते. आता पोथी अक्षरशः वाचता येते.

हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयाने पाठविलेल्या नमुन्यावरून चीनमधील शेन्झेन येथील बीजीआय या संस्थेने अवघ्या तीन दिवसांत हा जनुकसंच वाचला आणि २ जून २०११ रोजी तो सर्वांसाठी खुला केला. निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांनी एका दिवसाच्या आत त्याची जुळणी सुरू केली. त्यातून तीन गोष्टी कळल्या. हा जिवाणू मूळचा आतड्याच्या अस्तराला घट्ट चिकटून राहणाऱ्या गटातला होता. शिगा विषाची जनुके त्याला जिवाणूभक्षक विषाणूकडून मिळाली होती. आणि अनेक प्रतिजैविकांना दाद न देण्याची शक्ती देणारा एक निराळा डीएनए-तुकडाही त्याच्याजवळ होता. चिकटून राहण्याचा गुण आणि विष यांचा असा संयोग झाल्यामुळेच ही साथ इतकी उग्र झाली, असे अभ्यासकांचे मत पडले. शिवाय या वाचनाच्या आधारे नेमका हाच जिवाणू ओळखणारी चाचणीही थोड्याच दिवसांत तयार झाली.

स्वयंपाकघरातील पाककृती आणि व्यापाऱ्यांच्या पावत्या

एवढे होऊनही तो जिवाणू आला कोठून, हे जनुकसंच सांगू शकला नाही. जिवाणूच्या ग्रंथात त्याचे कुळ असते, त्याच्या प्रवासाचा पत्ता नसतो. तो पत्ता लागला तो निराळ्याच ठिकाणी.

मोड आलेल्या बियांविषयी रुग्णांना विचारले असता केवळ २५ टक्के रुग्णांना त्या खाल्ल्याचे आठवत होते. तेव्हा तपासपथकाने रुग्णांच्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवण्याचे सोडून एका उपाहारगृहाचे स्वयंपाकघर गाठले. तेथे जेवून गेलेल्या दहा गटांतील १६८ ग्राहकांनी कोणते पदार्थ मागविले याची नोंद घेतली आणि त्या पदार्थांत प्रत्यक्ष काय काय घातले जाते हे आचाऱ्याला विचारले. हिशेब मांडल्यावर चित्र स्वच्छ झाले. ज्यांच्या ताटात मोड आलेल्या बिया वाढल्या गेल्या होत्या त्यांना आजारी पडण्याचा संभव इतरांच्या १४.२ पट होता आणि आजारी पडलेल्या प्रत्येकाच्या ताटात त्या होत्याच.

तेथून पुढे पावत्यांचा प्रवास सुरू झाला. उपाहारगृहाला माल देणारा व्यापारी, त्याला माल देणारे लोअर सॅक्सनी राज्यातील एक शेत, अशी साखळी लागली. ज्यांचे व्यापारी धागे तपासता आले अशा सर्वच्या सर्व ४१ रुग्णसमूहांचे धागे त्या एकाच शेताकडे गेले. १० जून रोजी काकडी, टोमॅटो आणि पालेभाज्या यांच्यावरील इशारा मागे घेण्यात आला आणि मोड आलेल्या बिया टाळण्यास सांगण्यात आले.

परंतु त्या शेतात अनेक प्रकारच्या बियांना मोड आणले जात. त्यांतले नेमके कोणते? या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधून आले. जूनमध्ये बोर्दो शहराजवळच्या बेग्ल येथे एका कार्यक्रमात मोड आलेल्या बिया खाऊन काही जण आजारी पडले आणि त्यांच्यात तोच ओ१०४:एच४ सापडला. तेथील बिया घरगुती लागवडीसाठी छोट्या पुड्यांतून विकल्या गेलेल्या होत्या व त्यांचा जर्मनीतील शेताशी काही संबंध नव्हता. दोन्ही ठिकाणी समाईक होती ती मेथी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पावत्या, वाहतुकीची कागदपत्रे आणि गोदामांच्या नोंदी ताडून ५ जुलै २०११ रोजी निष्कर्ष काढला की, इजिप्तहून २००९ च्या अखेरीस आलेली सुमारे पंधरा टन मेथीची एक खेप हा या दोन उद्रेकांमधील सर्वाधिक संभाव्य समान दुवा आहे. पंधरा टनांपैकी त्या शेतात गेली होती ती सुमारे ७५ किलो.

इजिप्तने हा निष्कर्ष नाकारला. एक गोष्ट येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे की, तपासलेल्या मेथीच्या दाण्यांत तो जिवाणू अखेरपर्यंत सापडला नाही. फार्मसीचालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. पोत्यातून काढलेल्या मूठभर नमुन्यात जंतू नसणे म्हणजे संपूर्ण पोते शुद्ध असणे नव्हे. जंतू दाण्यादाण्यांत सारखे वाटलेले नसतात. कोरड्या बियांत ते वर्ष-दीड वर्ष सुप्त राहू शकतात आणि मोड आणण्यासाठी लागणारी ऊब व ओल मिळताच त्यांची बेसुमार वाढ होते. आपल्याकडे मोड आलेल्या मेथीची उसळ शिजवून खाण्याची चाल आहे, ती या दृष्टीने हितकर होय. कच्चे मोड खाण्याचा सल्ला देणाऱ्या चिकित्सकांनी, विशेषतः गर्भिणी, बालके, वृद्ध आणि दुर्बल रुग्णांच्या बाबतीत, याचा विचार अवश्य करावा.

नोंदी नसल्या तर काय होते

जर्मनीतील तपास एका खेपेपर्यंत पोहोचला, कारण प्रत्येक हाताने आपली नोंद ठेवली होती. त्यामुळे आरोप एका खेपेपुरता राहिला. मेथी या द्रव्यावर कायमचा डाग लागला नाही. आता याच्या उलट उदाहरण पाहू. ते आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे.

आग्नेय आशियात ‘क्रेटम’ नावाचा एक वृक्ष होतो. त्याच्या पानांचे चूर्ण आणि त्या चूर्णाच्या कॅप्सूल अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. या द्रव्याच्या मादक गुणांविषयी तेथे वाद आहे, परंतु तो आपला येथील विषय नाही. २०१८ साली अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांत साल्मोनेलाचे रुग्ण आढळू लागले. एकमेकांपासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या या रुग्णांचा परस्परांशी संबंध आहे हे जनुकसंच वाचनामुळेच कळले. त्यांच्या मुलाखतींत बहुतेकांनी क्रेटम घेतल्याचे सांगितले. बाजारातून उचललेल्या नमुन्यांपैकी सुमारे निम्म्यांत साल्मोनेला निघाला. मे २०१८ पर्यंत ४१ राज्यांतील १९९ जण आजारी पडल्याची नोंद झाली.

मात्र तपास येथेच अडला. एकच पुरवठादार, एकच बॅच, एकच गोदाम असे काही हाती लागेना. साल्मोनेलाच्या एक नव्हे अनेक जाती सापडल्या होत्या. म्हणजे पाने तोडणे, वाळविणे आणि कुटणे या मूळच्याच पायऱ्यांवर अस्वच्छता असावी असा तर्क निघाला. परिणामी तेथील रोगनियंत्रण केंद्राने कोणत्याही स्वरूपातील क्रेटम कोणीही घेऊ नये असा सरसकट सल्ला दिला. एका उत्पादकाने माल परत घेण्यास सहकार्य न केल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१८ मध्ये माल सक्तीने परत घेण्याचा आदेश काढला. असा सक्तीचा आदेश त्या प्रशासनाच्या इतिहासातील पहिलाच होता.

ज्या उत्पादकाचे चूर्ण शुद्ध होते त्याचे काय झाले असेल? आपला माल निराळा आहे हे सिद्ध करण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. दोषी खेप वेगळी काढता आली नाही, म्हणून सगळे द्रव्यच दोषी ठरले.

२०२५ सालच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत साल्मोनेलाच्या ‘रिचमंड’ या जातीचा उद्रेक झाल्याचे जाहीर करण्यात आले. त्यात सात राज्यांतील ११ जण आजारी पडल्याची नोंद आहे. या वेळचे द्रव्य आपल्या परसातले होते. भारतातून निर्यात झालेले शेवग्याच्या पानांचे चूर्ण! तपास त्या चूर्णाच्या एका विशिष्ट लॉटपर्यंत पोहोचला आणि तो वापरून केलेली उत्पादने परत घेण्यात आली. लॉट क्रमांक उपलब्ध होता, म्हणून बाकीचा शेवगा बचावला.

वनौषधींवर बंदी आणण्यासाठी पाश्चात्त्यांनी उभे केलेले हे एक नवे हत्यार आहे, असा सूर आपल्यापैकी काहीजण लावतात. प्रस्तुत लेखकाला हे मत मान्य नाही. जी विद्या दोषी खेप शोधते तीच निर्दोष खेपेला सोडविते. परंतु सुटकेसाठी आपल्या बाजूचा पुरावा आपणच ठेवावा लागतो, आणि हा पुरावा म्हणजे बॅचची नोंदवही.

प्रतिबंध तो कसा?

साथ होऊन गेल्यावर तिचे कुळ शोधण्यात प्रतिबंध कोणता, असा प्रश्न साहजिकच येईल. त्याचे उत्तर लिस्टेरिया या जिवाणूच्या उदाहरणाने मिळते. गर्भिणी आणि वृद्धांना विशेष घातक असणाऱ्या या जिवाणूचे रुग्ण थोडे आणि दूरदूर विखुरलेले असतात. अमेरिकेत २०१३ साली प्रत्येक लिस्टेरिया रुग्णातील जिवाणूचा जनुकसंच वाचण्यास प्रारंभ झाला. त्याआधीच्या वर्षी ज्या रुग्णसमूहांचा उगम अन्नात सापडला ते एकच होते. दोन वर्षांनी असे ९ समूह झाले. समूह ओळखला जाईपर्यंत त्यात मोडणाऱ्या रुग्णांची मध्यक संख्या ६ होती, ती ३ वर आली. सहाव्या रुग्णाऐवजी तिसऱ्या रुग्णालाच धोका कळणे आणि दूषित अन्न बाजारातून उचलले जाणे, हाच प्रतिबंध. पुढे २०१९ साली तेथील अन्नजन्य रोगांच्या देखरेखीत जुनी पट्ट्यांची पद्धत बाजूला ठेवून जनुकसंच वाचनच प्रमाण मानले गेले.

आपल्याकडे ही विद्या सामान्य जनांच्या कानी आली ती कोविडच्या काळात. डिसेंबर २०२० मध्ये भारत शासनाने प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ हे जाळे उभारले. आरंभीच्या दहा प्रयोगशाळांत पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र यांचा समावेश होता. महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत विषाणूची दोन विशिष्ट उत्परिवर्तने एकत्र आढळत असल्याचे २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले. त्याच कुळातील एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने पुढे ‘डेल्टा’ हे नाव दिले. धोका अक्षरांत वाचता आला होता. परंतु वाचणे आणि त्यावर वेळीच कृती होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांनी आपणा सर्वांना शिकविले.

जनपदोद्ध्वंस आणि भेषजसंग्रह

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी अभ्यासिला आहे. भिन्न प्रकृतीच्या, भिन्न आहाराच्या, भिन्न वयाच्या माणसांना एकाच वेळी एकच व्याधी कसा होतो, हा अग्निवेशाचा प्रश्न. वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांना समान असणारे भाव दूषित झाल्याने, हे भगवान पुनर्वसू आत्रेयांचे उत्तर. यावरून चरकाला जिवाणू ठाऊक होते असा ओढून-ताणून अर्थ काढण्याचे कारण नाही. तथापि साथ आली की रुग्णांतील समान भाव शोधावा, ही विचाराची दिशा तेथे स्पष्ट आहे. आठ दिवसांपूर्वीच्या ताटांत समान काय होते, हे शोधणारे जर्मन पथक त्याच दिशेने चालले होते.

याच अध्यायाच्या आरंभी आणखी एक उपदेश आहे, ज्याकडे आपले लक्ष कमी जाते. आत्रेय शिष्याला सांगतात की उद्ध्वंस होण्यापूर्वी, भूमी नीरस होण्यापूर्वीच औषधी काढून संग्रह करून ठेवा. साथीच्या विचारात रोग्याच्या आधी औषध येते, ते कोठून आणि कधी घेतले हे येते. भेषज स्वतःच दूषित असेल तर वैद्याने कशाच्या बळावर उभे राहावे?

आपण काय करावे?

हा लेख लिहिण्यास बसण्यापूर्वी मी माझ्या छोट्या फार्मसीतील मेथीचूर्णाची एक बरणी हातात घेतली आणि स्वतःलाच प्रश्न केला की, यातली मेथी कोणत्या पोत्यातली? बरणीवर बॅच क्रमांक होता. बॅचच्या वहीत वजन आणि दळण्याची तारीख होती. परंतु त्या दिवशी तीन पोत्यांतली मेथी एकाच पिंपात ओतली गेली होती आणि त्यांतली दोन पोती कोणत्या व्यापाऱ्याकडची, हे ना मला सांगता आले ना आमच्या कामगाराला. पंचवीस वर्षे औषधे करीत असूनही माझी नोंद पिंपापाशी येऊन संपत होती. त्या दिवसापासून आमच्याकडे पोत्याला क्रमांक घातल्याशिवाय ते गोदामात जात नाही.

औषधे व प्रसाधने कायद्याखालील अनुसूची ‘टी’ २००० साली अमलात आल्यापासून बॅचनिहाय नोंदी आपणावर बंधनकारक आहेत. निरीक्षक येणार म्हणून वही भरणे निराळे आणि उद्या एखाद्या रुग्णाने विचारले तर उत्तर देता यावे म्हणून भरणे निराळे. फार्मसीचालकांसाठी काही व्यवहार्य सूचना येथे मांडतो.

कच्च्या मालाच्या प्रत्येक पोत्याला स्वतंत्र क्रमांक असावा आणि पुरवठादार, बाजारपेठ, तारीख व वजन यांची नोंद त्या क्रमांकापुढे असावी. पोती एकत्र करावी लागली तर कोणत्या क्रमांकांची केली हे बॅचच्या पानावर लिहावे. प्रत्येक बॅचचा सीलबंद नमुना तिची वापरमुदत संपेपर्यंत राखून ठेवावा. बॅच कोणकोणत्या वैद्यांकडे व दुकानांत गेली हे एका दिवसात सांगता येते का, याची वर्षातून एकदा तालीम करून पाहावी.

दुसरी बाब प्रक्रियेची. क्वाथ, अवलेह, अरिष्ट यांत द्रव्य उकळले जाते. चूर्णाला मात्र अग्निसंस्कार नसतो आणि कोमट पाण्याच्या अनुपानाने जंतू मरत नाहीत. म्हणून चूर्णाचा कच्चा माल धुणे व वाळविणे याकडे सर्वाधिक लक्ष हवे. धुण्याचे पाणी पिण्यायोग्य असावे. वाळवण जमिनीवर न घालता उंच मांडवावर, पक्षी, उंदीर व पाली यांच्यापासून सुरक्षित घालावे; या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला पसरतो. स्वरसाच्या भावना देताना द्रव्य दीर्घ काळ ओले राहते, तो काळ शक्य तितका कमी करावा. एका दूषित पोत्याने दळणयंत्र आणि चाळण्या दूषित होतात व पुढच्या चार औषधांत तो दोष उतरतो, म्हणून दोन बॅचेसमध्ये यंत्राची सफाई झालीच पाहिजे.

तिसरी बाब परीक्षणाची. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या मर्यादेनुसार पोटात घेण्याच्या वनस्पतिज औषधात एकूण जिवाणू दर ग्रॅमला एक लाखाहून आणि बुरशी एक हजाराहून अधिक नसावी, ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा यांचा पूर्ण अभाव असावा. परीक्षण अवश्य करावे. मात्र एका नमुन्याच्या अहवालाला सर्वस्व मानू नये, हे मेथीच्या उदाहरणावरून आपण पाहिलेच.

चिकित्सक बंधुभगिनींसाठी दोन गोष्टी. रक्तातिसाराच्या रुग्णात, विशेषतः बालकात, जुलाब कमी होत असतानाच मूत्र कमी होणे, पांडुता, सूज अथवा ग्लानी दिसली तर क्षणाचाही विलंब न लावता मूत्रपिंडांच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. एकाच वस्तीतील वा एकाच समारंभातील अनेक रुग्ण एकाच वेळी आले, तर मलाचा नमुना तपासणीस पाठविण्याची व्यवस्था करावी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अथवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आपल्या देशात २००४ सालापासून आहे; त्याला आपल्या दवाखान्यांतील माहितीची जोड मिळाली पाहिजे. नमुनाच घेतला गेला नाही तर जगातील कोणतेही यंत्र त्याचा जनुकसंच वाचू शकणार नाही.

दुसरे असे की, रुग्ण काय खातो-पितो हे विचारताना तो घेत असलेली चूर्णे, काढे आणि गोळ्या, आपण दिलेल्या असोत वा दुकानातून परस्पर आणलेल्या, बॅच क्रमांकासह केसपेपरवर लिहावीत. ‘आपल्या औषधाने असे होणारच नाही’ हा अभिमान बाळगून चौकशी टाळू नये. हॅम्बुर्गमध्ये काकडीची सुटका झाली ती कोणी तिची बाजू मोठ्याने मांडली म्हणून झाली नाही. तिच्यावरचा जंतू आणि रुग्णातला जंतू समोरासमोर ठेवून पाहिले गेले, म्हणून झाली.

जनुकसंच वाचणारी यंत्रे आपल्या फार्मसीत येण्याची गरज नाही. ती शासनाच्या आणि संस्थांच्या प्रयोगशाळांत आहेत व राहतील. त्यांनी एखाद्या जंतूचे कुळ सांगून आपल्या दारी प्रश्न आणला, तर त्याचे उत्तर मात्र आपल्याच गोदामात असायला हवे. पोत्यावरचा क्रमांक आणि वहीतली एक ओळ, एवढाच तो खर्च आहे. आपल्या नावाने औषध घेणाऱ्या रुग्णाचे आपण इतके देणे निश्चितच लागतो.